शोध की पाठलाग?

“एका कुत्र्यासाठी एवढा खटाटोप?” २०२४ च्या दिवाळीत सणसवाडीतील एका चहाच्या टपरीवर हा प्रश्न मला विचारण्यात आला. विचारणारे गृहस्थ दुष्ट नव्हते. चार माणसांत वावरणारे, देवाधर्माचे, अडल्यानडल्याला हात देणारे असे ते होते. त्यांचा प्रश्न ऐकून टपरीवरची मंडळी हसली आणि, खरे सांगायचे तर, मीही ओशाळून हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. पण वाचकहो, त्याहून अधिक लाज वाटते ती त्यानंतर आम्ही जे केले त्याची. त्या प्रश्नाला चोख उत्तर द्यायचे म्हणून आम्ही पंचवीस-तीस जण तो कुत्रा शोधायला निघालो, आणि आमच्या शोधामुळेच तो कायमचा हरवला.

म्हणून या लेखात मला दोन पक्षांशी भांडायचे आहे. एक पक्ष म्हणतो, हरवलेल्या कुत्र्याला शोधण्यात वेळ दवडू नये. दुसरा पक्ष शोधायचे म्हणून त्याच्यामागे धावत सुटतो. या दुसऱ्या पक्षात मी स्वतः होतो. तेव्हा त्याच्याविषयी दोन कठोर शब्द लिहिण्याचा अधिकार मी घेतो आहे.

सणसवाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या, ज्याला आपण अजून नगर रोडच म्हणतो त्या हमरस्त्यावर, कोरेगाव भीमा ओलांडले की हे गाव लागते. पुढे शिक्रापूर आणि तेथून चाकणकडे जाणारा फाटा. गावाच्या एका अंगाला कारखाने आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या भाड्याच्या खोल्या. दुसऱ्या अंगाला ऊस, कांदा आणि विहिरी. रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक आणि कंटेनर यांची रांग. कामानिमित्त दूरदूरच्या जिल्ह्यांतून आणि प्रांतांतून आलेली आमच्यासारखी अनेक कुटुंबे येथे राहतात. अशा गावात बिथरून पळालेल्या जनावरापुढे दोनच वाटा असतात. एक हमरस्त्याची, दुसरी उसाची.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या शेजाऱ्यांचा मोती पळाला. चार वर्षे त्या घरात वाढलेला पिवळसर रंगाचा साधा गावठी कुत्रा. अंगणात बांधलेला होता. कोणीतरी अगदी दाराजवळ सुतळी बॉम्ब फोडला. मोतीने हिसका दिला, जुना गळपट्टा तुटला आणि अंधारात तो दिसेनासा झाला. घरातल्या वहिनी त्या रात्री कितीतरी वेळ रस्त्यावर उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि आमची मदत सुरू झाली. मोटारसायकली आल्या, शिट्ट्या आल्या, विजेऱ्या आल्या. “मोती, मोती” अशा हाकांनी शिवार दुमदुमले. दोन दिवस त्याचा माग लागला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका कांद्याच्या चाळीमागे तो दिसला. भुकेने पोट खपाटीला गेलेले, शेपूट पायांत. घरातला दहा वर्षांचा मुलगा मला म्हणाला, “काका, सगळ्यांना थांबवा ना. मी एकटाच जातो.” मी कोणाला थांबवले नाही. पोरे तिन्ही बाजूंनी पुढे सरकली. दोघांनी मोबाइलवर चित्रीकरण सुरू केले. मोतीने त्या मुलाकडे पाहिले आणि तो त्याच्याच अंगावर गुरगुरला. मग मिळेल त्या फटीतून निसटून तो थेट हमरस्त्यावर गेला. एका कंटेनरने करकचून ब्रेक दाबले, मागच्या दोन मोटारी एकमेकींवर आदळता आदळता वाचल्या आणि कुत्रा पलीकडच्या उसात नाहीसा झाला. आमच्यातला एक जण म्हणाला, “पिसाळलंय.” दुसरा म्हणाला, “धन्यालाही ओळखेना, कृतघ्न!” त्यानंतर मोती कोणालाही दिसला नाही. तो मुलगा पुढे दोन महिने रोज सकाळी अंगणातल्या थाळीतले पाणी बदलत असे.

घटना एवढीच. अशा घटना गावोगाव घडतात आणि विसरल्या जातात. पण तिच्यातून निघालेले प्रश्न विसरण्यासारखे नाहीत.

प्रथम टपरीवरच्या गृहस्थांचा प्रश्न घेऊ. “माणसे उपाशी मरत असताना कुत्र्याचे काय घेऊन बसलात?” हा आक्षेप वरकरणी फार उदात्त दिसतो. आपल्यापैकी काही सुशिक्षित मंडळी त्याला धर्माचाही आधार देतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक चर्चच्या कॅटेकिझममध्ये २४१६ ते २४१८ या परिच्छेदांत प्राण्यांचा विचार आला आहे. माणसाचे दुःख निवारण्यासाठी जो पैसा प्राधान्याने खर्च व्हावा तो प्राण्यांवर उधळणे योग्य नव्हे, असे तेथे म्हटले आहे, हे खरेच. परंतु प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही, असेही त्याच परिच्छेदात, आणि त्याच्याही आधी, म्हटले आहे. माणसाने प्राण्यांशी दयेने वागावे हे सांगताना त्याच प्रकरणात असिसीचे संत फ्रान्सिस आणि संत फिलिप नेरी यांचे स्मरण करून दिले आहे. आमचे आक्षेपक अर्धाच परिच्छेद पाठ करतात. उरलेला अर्धा त्यांच्या सोयीचा नसतो.

आणि पैशाचाच हिशेब मांडायचा तर तो पुरता मांडू या. बिथरलेला कुत्रा परत आणायला काय लागते? घरच्या माणसाच्या अंगावरचे एक वापरलेले कापड, भाकरीचा चतकोर, पाण्याचे भांडे आणि काही तास गप्प बसण्याची तयारी. यात गरिबाच्या तोंडचा कोणता घास काढून घेतला जातो? उलट ज्या सुतळी बॉम्बने तो कुत्रा पळाला त्या बॉम्बवर, आणि त्या एका रात्रीत गल्लीत उडालेल्या सगळ्या दारूवर, किती रुपये जळाले याचा हिशेब टपरीवर कोणी मागितला नाही. फटाके उडवताना उपाशी माणूस आठवत नाही. कुत्रा शोधायची वेळ आली की तो नेमका आठवतो. याला मी गरिबांचा कळवळा म्हणणार नाही. अंग काढून घेण्यासाठी शोधलेली ती एक सबब आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक गोड आहे. “कुत्रे आपोआप घरी येते. ते निपाणीचे नाही का आले?” बेळगाव जिल्ह्यातील निपाणी तालुक्यातल्या यमगर्णी गावच्या ‘महाराज’ नावाच्या काळ्या कुत्र्याची हकिकत वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचली असेल. २०२४ च्या आषाढी वारीत हा कुत्रा आपल्या धन्याबरोबर पायी पंढरपूरला गेला. तेथे विठ्ठलाच्या दर्शनानंतर पाहतात तो कुत्रा नाही. धन्याने बराच शोध केला, तो दुसऱ्या एका दिंडीबरोबर गेला असे कोणी सांगितले, आणि अखेर हताश होऊन तो माणूस गावी परतला. दुसऱ्या दिवशी कुत्रा दारात शेपूट हलवीत उभा. सुमारे अडीचशे किलोमीटरांचे ते अंतर. गावाने त्याच्या गळ्यात हार घालून त्याची मिरवणूक काढली आणि जेवण घातले.

ही हकिकत मला अत्यंत प्रिय आहे. पण तिचा जो उपयोग केला जातो तो मला मान्य नाही. ‘महाराज’ भ्यालेला नव्हता. तो माणसांच्या मेळ्यात रमणारा, भजनाची गोडी असलेला, धन्याबरोबर पायी चालण्याचा सराव असलेला कुत्रा होता. तो चुकला तेव्हा त्याचे डोके ठिकाणावर होते. घाबरून पळालेल्या कुत्र्याची गोष्ट निराळी असते. तो वाट पाहत पळत नाही, वास लक्षात ठेवत पळत नाही. फक्त आवाजापासून दूर पळतो. शिवाय यमगर्णीचा कुत्रा बातमी झाला तो अशी घटना विरळा असते म्हणूनच. जे परत येत नाहीत त्यांची मिरवणूक निघत नाही आणि त्यांची बातमीही होत नाही. तेव्हा एका परतलेल्या कुत्र्याच्या नावावर शंभर हरवलेल्यांचा शोध सोडून देणे हा त्या कुत्र्याच्या निष्ठेचा अपमान होय.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याची थट्टा करता येणार नाही. “कुत्री चावतात. रेबीजने माणसे मरतात.” होय, मरतात. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. चावा घेतल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि तत्काळ दवाखाना गाठून लस घेणे, एवढेच आपल्या हाती असते. भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयालाही २०२५ साली पुनःपुन्हा लक्ष घालावे लागले. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तो बदलून, रेबीज झालेली किंवा हिंस्र कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांच्या मूळ जागी सोडावे असे सांगण्यात आले. आणि ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री उचलून निवाऱ्यात न्यावीत, परत तेथे सोडू नयेत, असा आदेश झाला. ज्यांच्या मुलांना कुत्रे चावले आहे त्या आईबापांच्या भीतीला मी खोटे म्हणणार नाही.

पण ही भीती खरी आहे म्हणूनच हरवलेला कुत्रा नीट शोधला पाहिजे. घरचा, लस टोचलेला कुत्रा आठवडाभर रानात राहिला तर तो इतर कुत्र्यांच्या हद्दीत शिरतो, त्यांच्याकडून फाडला जातो, त्यांच्यापासून रोग घेऊ शकतो. गळपट्टा नसेल तर तो पाळीव आहे हे कोणाला कळत नाही. चारही बाजूंनी कोंडला गेला तर तो चावतोच, आणि मग त्याला पिसाळलेला ठरवून दगडांनी मारले जाते. मोती त्या संध्याकाळी कोणाला चावला असता तर दोष त्याचा असता की आमचा?

येथून मी माझ्या स्वतःच्या पक्षाकडे वळतो. आम्ही दगड मारायला गेलो नव्हतो, प्रेमानेच गेलो होतो. मग असे का घडले? पुढे एका पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांशी बोलण्याचा योग आला. त्यांनी जे समजावून सांगितले ते आधी ठाऊक असते तर मोती कदाचित आज अंगणात असता. हायनी हेडिगर नावाच्या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने रानटी जनावरांचा अभ्यास करून असे दाखवून दिले होते की, प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य रेषा असते. तिच्या बाहेर माणूस असेपर्यंत ते नुसते पाहत राहते. माणसाने ती ओलांडली की पळते. आणि पळायला जागा उरली नाही की हल्ला करते. पाळीव कुत्र्याच्या बाबतीत ही रेषा जवळजवळ पुसली गेलेली असते. म्हणून तो आपल्या पायाशी झोपतो. पण भीतीने बिथरला की ती रेषा पुन्हा उमटते. मग हाक मारणारा धनी आणि धावून येणारा परका यांत त्याला फरक करता येत नाही. आपले नावच त्याला धोक्याची सूचना वाटू लागते, कारण ते नाव ऐकू आले की माणसे अंगावर येतात असा अनुभव त्याने दोन दिवस घेतलेला असतो.

आम्ही ज्याला कृतघ्नपणा म्हटले तो असा होता. आम्हीच त्याला त्याच्या नावाला भ्यायला शिकवले होते.

अशा कुत्र्याला हाका मारू नयेत. त्याच्यामागे धावू नये, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. तो दिसला तर जागच्या जागी खाली बसावे, त्याच्याकडे कुशी करावी, भाकरीचे तुकडे टाकावेत आणि त्यालाच पुढे येऊ द्यावे. जेथून तो पळाला आणि जेथे शेवटचा दिसला तेथे घरच्या माणसाचे न धुतलेले कापड, त्याचे अंथरूण, खाणे आणि पाणी ठेवावे. आवाजाने बिथरलेले जनावर वासाने शांत होते. पहाटे आणि तिन्हीसांजेला, जेव्हा वर्दळ कमी असते तेव्हा, घरातले एकच माणूस तेथे जाऊन बसावे. गावाने काय करावे? गावाने दुरून नजर ठेवावी, दिसल्याची वेळ आणि जागा कळवावी, आणि इतरांना लांब ठेवावे. तो दहा वर्षांचा मुलगा नेमके हेच सांगत होता. त्याला कोणी शिकवले नव्हते, पण मोतीला काय वाटत असेल याचा विचार आमच्यापैकी त्यानेच केला होता.

रात्री उसात शिरण्याविषयी तर वेगळे सांगायला हवे. शिरूर तालुक्यातला ऊस हे बिबट्याचे घर झाले आहे, आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तालुक्याच्या उत्तर भागातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन लहान मुलांसह तिघांचा बळी गेला आणि लोकांच्या संतापाचा उद्रेक झाला. कुत्रा शोधायला पोराबाळांसह विजेऱ्या घेऊन उसात घुसणे ही बहादुरी नव्हे. आणि नको झालेली कुत्री वस्तीच्या कडेला सोडून देणारे लोक कोणाला जेवणाचे आमंत्रण देत असतात, याचाही विचार त्यांनी एकदा करावा.

आमच्या हातून हे का घडले, याचे कारण मला अज्ञानापेक्षाही अधिक खोल वाटते. आपल्याला गर्दी जमवता येते, पण थांबता येत नाही. मदत म्हटली की आपल्याला हालचाल हवी असते, आवाज हवा असतो, आपण मदत करीत आहोत हे चार जणांना दिसायला हवे असते. समोरच्या भ्यालेल्या जिवाला काय हवे आहे हा प्रश्न शेवटी येतो, किंवा येतच नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी काय घडले ते आठवावे. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. मी कुत्र्याची आणि माणसाची तुलना करतो आहे असे कृपा करून कोणी समजू नये. राईनपाड्यात जे घडले ते पाप आहे, त्याच्या शेजारी कांद्याच्या चाळीमागची आमची चूक ठेवण्याजोगीही नाही. पण गर्दीचा स्वभाव दोन्हीकडे ओळखीचा वाटतो. समोरचा भेदरलेला आहे हे तिला दिसत नाही. तो भेदरून पळू लागला की तोच त्याच्या अपराधाचा पुरावा ठरतो. परमुलखातून आलेला, भाषा न कळणारा मजूर असो, की घरचा रस्ता विसरलेला एखादा वृद्ध असो, त्याला आपण कसे घेरतो ते जरा आठवून पाहा. थांबणे हा एक संस्कार आहे. तो कुत्र्याच्या निमित्ताने मुलांना शिकवता आला तर तो माणसांच्याही कामी येईल.

“ही सारी शहरी, पाश्चात्त्य थेरे,” असेही मला ऐकवण्यात आले. ऐकवणाऱ्यांना आपला मुलूख ठाऊक नसावा. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले अशी परंपरा सांगते. १८३२ साली, सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली म्हणून, मुंबईत पारशी मंडळींच्या पुढाकाराने मोठा दंगा झाला होता. आणि आपल्या आया-आज्या शेवटची भाकरी कोणासाठी भाजत होत्या? आपल्या धर्मग्रंथात तर हे आणखी जुने आहे. तोबीतच्या पुस्तकात तरुण तोबियास देवदूताच्या सोबतीने लांबच्या प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा कुत्राही बरोबर जातो, आणि परततानाही तो बरोबर असतो. कथेत त्या कुत्र्याला काही काम नाही. तरीही लिहिणाऱ्याने त्याला वाटेत हरवू दिले नाही.

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण सर्वांनी अनेकदा ऐकला आहे. त्यातला मेंढपाळ एकटा जातो, याकडे माझे लक्ष मोतीच्या घटनेनंतर गेले. तो गाव गोळा करून ढोल बडवीत रानात जात नाही. मित्र आणि शेजारी यांना तो बोलावतो ते नंतर, मेंढरू सापडल्यावर, आनंद करायला. आम्ही क्रम उलटा केला.

आता शेवटचे भांडण आपल्याच घराशी. दिवाळीच्या फटाक्यांविषयी बोलणे आपल्याला सोपे जाते. पण नाताळच्या मध्यरात्री मिस्सा संपल्यावर आपल्या आवारांत काय चालते? २३ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांविषयी जो निकाल दिला त्यात दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ सांगितली, आणि नाताळच्या व नववर्षाच्या पूर्वरात्री अकरा पंचावन्न ते साडेबारा एवढीच. पस्तीस मिनिटे. ही मर्यादा आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेल्यांपैकी किती जण पाळतात? कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येतात. आपल्या कानाला जी गंमत, ती त्याला घाव असते. शांतीच्या राजपुत्राच्या जन्माचा आनंद एखाद्या मुक्या जिवाला जीव घेऊन पळायला लावून साजरा करावा काय?

तीच गोष्ट बदलीची. कारखान्यातली नोकरी सुटते, खोली बदलते, आणि नव्या घरमालकाला कुत्रे नको असते. मग मुलांना “तो हरवला” असे सांगून कुत्रा कुठेतरी दूर सोडला जातो. प्राण्याला उपासमार किंवा तहान सोसावी लागेल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठरवला तो दहा ते पन्नास रुपयांचा! एवढ्यात आज टपरीवर चार जणांचा चहाही धड होत नाही. पण मुलाशी बोललेल्या त्या खोट्याची किंमत कोणत्या कायद्यात लिहिली आहे? जो हरवलाच नाही, त्याला शोधायला ते मूल महिनाभर रस्त्यावर पाहत राहते.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी त्याच्या गळ्यात पक्का पट्टा आणि त्यावर दूरध्वनी क्रमांक ठेवावा, लस वेळेवर टोचावी आणि दिवाळी, नाताळ, लग्नाची वरात अशा रात्री त्याला अंगणात न बांधता आतल्या खोलीत ठेवावे. शेजारच्या पाच-सहा घरांनी आधीच ठरवून ठेवावे की, कोणाचे जनावर हरवले तर एकानेच निरोप घ्यायचे, दोघांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून वाहने सावकाश करायची, पोरांना आवरायचे, आणि घरातल्या माणसाला एकटे पुढे जाऊ द्यायचे. त्यासाठी समिती नको, वर्गणी नको, भाषण तर मुळीच नको.

आणि टपरीवरच्या त्या गृहस्थांना मी त्या दिवशी जे उत्तर द्यायला हवे होते ते आज देतो. होय, एका कुत्र्यासाठी. पण एवढा खटाटोप नव्हे. खटाटोप आम्ही केला आणि म्हणूनच तो गेला. आम्ही थोडे कमी धावलो असतो, एका मुलाचे ऐकले असते आणि संध्याकाळभर कांद्याच्या चाळीपासून दूर गप्प बसलो असतो, तर मोती कदाचित चार पावले पुढे आला असता. ती चार पावले चालण्याचे त्याचे काम होते. ती त्याला चालू देण्याचे काम आमचे होते, आणि तेवढेच आमच्या हातून झाले नाही.